मफलरची कड

मफलर म्हणजे नवशिक्यांचं काम, असं आम्ही विणणाऱ्या बायका सर्रास म्हणतो. गळा नाही, बाह्या नाहीत, घट-वाढ नाही. टाके घालायचे आणि माणसाच्या उंचीइतकी लांबी भरेपर्यंत विणत राहायचं. मीही आयुष्यभर हेच म्हणत आले आणि मनातून मफलरलाच घाबरत आले. स्वेटरच्या कडा शिवणीत जातात. मफलरच्या दोन्ही कडा जन्मभर उघड्या असतात आणि बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. निदान माझी जाते. डिसेंबरात सकाळी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फिरायला येणारे आजोबा दिसले, की मी आधी मफलरची कड बघते आणि मग माणूस ओळखते.

मागच्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय, पट्टा बांधा आणि विणकाम कमी करा. पट्टा बांधला. विणकाम कमी करायच्या ऐवजी धागा उजव्या हातातून काढून डाव्या हातात घेतला. जी विणते तिला कळेल, की हे या वयात नवं बिऱ्हाड थाटण्यातलंच काम. इतकी वर्षं धाग्याचा एक वेढा उजव्या करंगळीला असायचा आणि माझा सगळा ताण त्या वेढ्यात होता. आता धागा डाव्या तर्जनीवर ताणून धरायचा आणि उजव्या सुईच्या टोकाने नुसता ओढून घ्यायचा. सुलट टाका बसला. उलट टाका अजून ढिला पडतो. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलेला तुकडा पाठीमागून बघितला की आडव्या पन्हळी दिसतात. सून म्हणते, आई, तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाहीत. म्हणजे दिसतात.

पण पन्हळींपेक्षा मला कडेने छळलंय. कडेचा टाका मोठा का होतो, यावर मी जितका विचार केला तितका मुलांची लग्नं ठरवतानाही केला नसेल. मधल्या टाक्याला दोन्हीकडे शेजारी असतात, ते त्याची ढील वाटून घेतात. कडेच्या टाक्याला शेजारी एकच. त्यात विणकाम फिरवताना नेमका तोच ताणला जातो. मग जुन्या बायका सांगतात, ओळीतला पहिला टाका आवळा. तो आवळून काही होत नाही, पुढचा विणेपर्यंत पुन्हा सैल पडतो. आवळायचा असतो तो दुसरा. पहिला तर विणायचाच नाही, धागा पुढे ठेवून नुसता उचलायचा आणि मग धागा मागे न्यायचा. कडेला सुबक साखळी येते.

येते, पण गुण्यागोविंदाने नांदत नाही. सगळ्या सुलट ओळींच्या विणीत ही साखळी दोन ओळींमागे एकच पडते. हात घट्ट असला तर कडा आखूड होतात आणि मधला भाग भाजलेल्या पापडासारखा फुगतो. साबुदाण्याच्या विणीत उचललेला टाका नक्षी मोडतो, तिथे मी उचलतच नाही. दोन सुलट दोन उलट घ्यायचं तर टाके चारच्या पटीत घालून वर दोन जास्त घालते, म्हणजे दोन्ही कडांना सुलट जोडी येते. आणि नुसत्या एक ओळ सुलट, एक ओळ उलटचा मफलर जिला विणायचा असेल तिने खुशाल विणावा, दोन्ही बाजूंनी गुंडाळून त्याची नळी होणार. त्या नळीवर गरम इस्त्री दाबणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ॲक्रिलिक एकदा मेलं की पुन्हा उभं राहत नाही.

माझा हात घट्ट झाला तो लोकलमध्ये. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून मी फोर्टातल्या नोकरीसाठी त्या मार्गावर होते. चौथ्या सीटवर अर्ध्या बुडाने बसलेल्या बाईला कोपर हलवायला जागा नसते. लांब सुया शेजारणीच्या बरगडीत जायच्या, म्हणून आखूड सुया, दहा नंबरच्या. मफलर अरुंद, म्हणून गाडीत मफलरच. वीण साधी, कारण नजर खिडकीतली बाई कुठे उतरते यावर ठेवावी लागे. समोरची मेथी निवडायची, मी विणायची. मे महिन्यात तळहात इतके घामेजायचे की लोकर सुईवरून सरकायची नाही. मी पर्समध्ये पावडरीची डबी ठेवायचे, ती तोंडाला लावायला नव्हती. आणि अंधेरीला गर्दी आत घुसली की टाके सुईवरून निसटू नयेत म्हणून प्रत्येक टाका आवळून ठेवायचा. तीच सवय पुढे माझी कारागिरी म्हणून नावाजली गेली. मी ती तशीच नावाजू दिली.

मुंबईत मफलर लागतो कुणाला, असं पुण्या-नाशिकचे पाहुणे हसून विचारतात. त्यांना मी २२ जानेवारी १९६२ सांगते. त्या दिवशी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास चीनचं युद्ध पेटलं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि देशभर बायका जवानांसाठी विणायला बसल्या. आमच्या चाळीतल्याही बसल्या. आईने खाकी लोकरीचे मफलर विणले. कडा वेड्यावाकड्या. मी लहान होते, तरी शेजारच्या काकूंना हे सांगून आले आणि घरी धपाटा खाल्ला. पण कडा वाकड्या होत्या.

क्रोशावाल्यांशी माझं जमत नाही, हेही सांगून टाकते. त्यांच्या सुईवर एका वेळी एकच फास जिवंत असतो. सुटला तर जरासं उसवायचं आणि पुढे जायचं. आमचा एक टाका निसटला तर खालपर्यंत शिडी. पण नाव होतं त्यांचं. २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत देशभरातल्या बायकांनी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण केलं आणि गिनीजमध्ये नोंदवलं. कौतुक आहेच. मी मात्र फोटो मोठा करून जोड बघत बसले. जोडकामात कड लपते, इतकंच माझं म्हणणं.

परळच्या फुटपाथवर थंडीत स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडच्या लुधियानाच्या मफलरची कड यंत्राची, निर्दोष. लोकरीच्या गुंड्यांच्या पैशात तो तयार मिळतो. जिथून मी वर्षानुवर्षं लोकर घेतली त्या दुकानात आता पुढे इमिटेशन दागिने टांगलेत. लोकर मागच्या फळीवर, त्यातही बाळंतविड्यापुरते फिके रंग. मफलरभर एका लॉटचा राखाडी मागितला तर दुकानदार माझ्याकडे बघत राहतो.

वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी मोबाईलवर बघून विणायला शिकली. धागा पहिल्यापासून डाव्या हातात, हात वाऱ्यासारखा. कड विचारू नका. त्यात तिचा दोष नाही. त्या व्हिडिओंमध्ये ओळीचा शेवट यायच्या आत चित्र बदलतं. ती मला म्हणाली, “आजी, बोट इतकं ताठ नका ठेवू, धागा सुटू दे की.” मी तिला दुसरा टाका आवळायला सांगितलं. माझं बोट थोडं सैलावलंय. तिने अजून एकही टाका आवळलेला नाही.

सध्या सुयांवर सगळ्या सुलट ओळींचा मफलर आहे, ज्या विणीला मी जन्मभर नाकं मुरडली. उलट टाकाच नको, म्हणून अंगठ्याने ती निवडली. कड सैल येतेय. सून म्हणते, आधीच्यांपेक्षा हा गळ्याला मऊ लागतो. लागत असेल. चारचौघांत कुणी तो माझ्या हातचा म्हणून दाखवला तर मी लांब उभी राहीन.

तुमच्या घरात कुणी विणकाम शिकत असेल तर तिच्या हाती पहिल्यांदा मफलर देऊ नका. कानटोपी द्या, तिच्या दोन्ही कडा मागच्या शिवणीत जातात आणि ती चार दिवसांत डोक्यावर चढते. मफलर हात बसल्यावर द्या, पण अंगठा धड आहे तोवर.