भिंतीवर काय उभे आहे?

घरातल्या काही भिंती नुसता आडोसा देतात. काही मात्र वरचा स्लॅब, त्यावरची भिंत, गच्ची, पाण्याची टाकी असे सगळे अंगावर घेऊन पायापर्यंत पोचवतात. या दुसऱ्या प्रकाराला लोड-बेअरिंग किंवा भारवाहक भिंत म्हणतात. प्लास्टर आणि रंग चढला की दोन्ही सारख्याच दिसतात. हॉल आणि स्वयंपाकघर एक करण्याची हौस इथे अडायला हवी. बहुधा ती अडत नाही.

तळमजला आणि वर दोन मजले असलेले विटांचे जुने घर घ्यावे. मधल्या नऊइंची भिंतीवर दोन्ही बाजूंचे तीन-तीन मीटरचे स्लॅब टेकलेले असतात. राहत्या खोलीसाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापराचा भार धरतात. स्लॅब आणि लादीचे वजन मिळवले की तो 600 किलोंच्या घरात जातो. म्हणजे एका स्लॅबचे भिंतीच्या दर मीटरवर साधारण 1.8 टन. असे तीन स्लॅब आणि वरच्या दोन भिंतींचे प्रत्येकी 1.4 टन धरले, तर तळमजल्याच्या भिंतीच्या एका मीटरवर आठ टनांहून अधिक भार येतो. तीन मीटर भिंत काढायची तर 24 टनांची सोय लावावी लागते, आणि गवंड्याकडे त्यासाठी दोन लाकडी टेकू असतात.

भिंत ओळखण्याचा लोकप्रिय ठोकताळा जाडीचा: नऊइंची ती भारवाहक, साडेचार इंची ती पार्टिशन. याने जितके नुकसान केले आहे तितके क्वचितच कशाने केले असेल. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत बाहेरची नऊइंची भिंतही केवळ भराव असू शकते. तिथे भार कॉलम-बीमवर असतो. उलट, अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या, म्हणजे मायवान पद्धतीच्या नव्या टॉवरमध्ये जेमतेम सहा इंचांची भिंत काँक्रीटची असते आणि भार तीच पेलते. वाऱ्याचा आणि भूकंपाचा जोरही तीच घेते. तिच्यात एसीच्या पाइपासाठी भोक पाडताना सळई कापली तरी ते नुकसानच. मुंबईच्या जुन्या चाळींत तर विटांच्या भिंतीत सागाचे खांब दडलेले असतात. ठोकून आवाज ऐकणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. आधी स्लॅब कोणत्या दिशेने टेकला आहे ते पाहावे लागते, मग वरच्या आणि खालच्या मजल्यावर जाऊन तीच भिंत शोधावी लागते, आणि शंका उरली तर प्लास्टर खरवडून किंवा यंत्राने सळई तपासावी लागते.

‘शेजाऱ्याने पाडली, काही झाले नाही’ हा दाखला तर नेहमीचा. विटांचे काम उघड्या जागेवर कमानीसारखे भार बाजूला वळवते आणि सुरक्षिततेसाठी ठेवलेली जास्तीची ताकद काही काळ साथ देते. ती किती उरली आहे, हे मात्र बाहेरून दिसत नाही. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून 17 जण दगावले. तळमजल्यावर अंतर्गत फेरबदल चालू होते आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला.

सल्ला घ्यायचा तो स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. इंटेरिअर डिझायनरचे काम वेगळे, आणि कंत्राटदाराचा अनुभव कितीही दांडगा असला तरी तो हिशेब नव्हे. इंजिनिअर लोखंडी बीमचा आकार ठरवतो, त्याच्या दोन्ही टोकांखाली काँक्रीटचे बैठक-ठोकळे सुचवतो आणि खालची भिंत व पाया हा एकवटलेला भार सोसतील का, ते तपासतो. बीम तुटणार नाही एवढे पुरेसे नसते. तो काही मिलिमीटर वाकला तरी वरच्या घरात भेगा पडतात, म्हणून बहुधा वाकण्याची मर्यादाच बीमचा आकार ठरवते. फोडण्यापूर्वी भिंतीत आरपार गर्डर घालून ते प्रॉपवर उचलतात. बीम बसल्यावर वरच्या विटा आणि बीम यांतली फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरतात आणि ते घट्ट झाल्यावरच प्रॉप सोडतात.

कामाआधी सोसायटीची लेखी संमती आणि पालिकेची परवानगी लागते. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतीला पालिका कायद्याच्या कलम 353-बीखाली स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तेव्हा जुना अहवाल सोसायटीच्या दप्तरात असायला हवा. तो मागून घ्यावा. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबालाही आधी कळवावे. त्यांना हे काम बहुधा हातोड्याच्या आवाजावरूनच समजते.