नागपूरचे तलाव आणि नगरचे रणगाडे

"काका, पाच ऐतिहासिक टँक निवडून द्या. इतिहास हा तुमचा विषय," असे आमचा पुतण्या एके संध्याकाळी म्हणाला. आम्ही झोपाळ्यावर बसल्या जागीच बोटांवर मोजू लागलो: "पहिला अंबाझरी; १८७० साली शहराच्या पाण्याकरिता बांधला. दुसरा शुक्रवारी, ज्यास आता गांधीसागर म्हणतात. तिसरा तेलंगखेडीचा, म्हणजे फुटाळा. चौथा सक्करदऱ्याचा..." इतक्यात घरातील मुले खो खो हसू लागली. पुतण्यास तलाव नको होते. त्यास रणगाडे हवे होते.

चूक आमची खरी, पण अगदीच निराधार नव्हे. इंग्रजी अमदानीतील ग्रंथ आमच्या तलावांचा उल्लेख 'टँक' म्हणूनच करीत. शिवाय हा इंग्रजी शब्द मुळात गुजराती-मराठीतील 'टांके' या शब्दापासून गेला असावा, असे कोशकार मानतात. आपल्या गडांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी वाचकांनी पाहिली असतीलच. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे नवे युद्धयंत्र घडविले, तेव्हा गुपित फुटू नये म्हणून 'या पाण्याच्या टाक्या आहेत' अशी बतावणी केली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्सात सोमच्या रणभूमीवर ती यंत्रे प्रथम उतरली आणि गुपित संपले. नाव मात्र चिकटून राहिले. तात्पर्य, आमचेच टाके विलायतेस जाऊन पोलादी होऊन परत आले!

असो. मूळ प्रकरण असे. आमच्या या पुतण्याचा महाल भागात लहानसा खेळण्यांचा कारखाना आहे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल हा त्याचा मुख्य माल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकांचे नंदी ओढीत दारोदार बोजारा मागणारी मुले ज्याने पाहिली नाहीत, त्याने नागपूर पाहिले नाही, असे आम्ही खुशाल म्हणू. परंतु बैलांचा खप वर्षातून एकदाच. म्हणून संग्रहाची हौस असणाऱ्यांसाठी लहान रणगाड्यांचा एक संच काढावा, असे त्याने योजिले. प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे सुमारे साडेसात मीटर लांबीचे धूड साडेदहा सेंटीमीटरांत येऊन तळहातावर मावते. प्रत्येक रणगाड्याचा साचा निराळा, आणि साच्याचा खर्च मोठा. निवड चुकली तर पाच वर्षांची शिल्लक फळीवर धूळ खात पडावयाची.

त्याचा स्वतःचा कल जर्मनांच्या 'टायगर'कडे होता. आम्ही म्हटले, "अरे, मूल लाकडी नंदीस नमस्कार करते, कारण शेतात राबणारा खरा बैल त्याच्या ओळखीचा असतो. टायगर आपल्या भूमीवर कधी आलाच नाही. त्याची आपल्या मुलांस ओळख ती काय?" तो शांतपणे म्हणाला, "काका, ओळख नसेल, पण गिऱ्हाईक आहे." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. अखेर प्रत्यक्ष वस्तू पाहून काय ते ठरवावे, असा निश्चय झाला.

नागपुरास सैन्याचा संबंध नवा नाही. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशी सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांचे राज्य पणास लागले. जवळच कामठीस इंग्रजांनी छावणी वसविली. आज तेथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. परंतु सीताबर्डीचा काळ तोफांचा व घोड्यांचा. रणगाड्यांची खरी पंगत पाहावयाची तर अहमदनगरास, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, तेथेच जावे लागते. तेथील चिलखती दलाच्या विद्यालयाने फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय स्थापिले. तेव्हा पुतण्या, सूनबाई, दहा वर्षांचा नातू, आमचे कुटुंब आणि आम्ही असे पाचजण पुण्याच्या गाडीत बसलो. मनमाडवरून गाडी दक्षिणेस वळली आणि विदर्भातील काळी माती मागे टाकून आम्ही नगरच्या कोरड्या, उघड्या माळावर उतरलो.

संग्रहालयाच्या आवारात रणगाडे उन्हातच मांडलेले आहेत. राजेरजवाड्यांच्या मोटारी बनविणाऱ्या रोल्स-रॉइसची चिलखती गाडी तेथे आहे. माटिल्डा आहे, चर्चिल आहे, दुसऱ्या महायुद्धातील जपानी रणगाडेही आहेत. पुतण्या वही काढून आकृत्या काढू लागला. नातू नळ्या मोजू लागला. आमचे कुटुंब मात्र एका सेंच्युरियनपाशी उभे राहिले. उन्हाने तापलेल्या पत्र्यास हात लावून त्यांनी विचारले, "यात माणसे किती बसत?" चौघे, असे समजल्यावर त्या म्हणाल्या, "मग त्यांची नावे डबीवर घालणार आहात, की नुसत्या गाडीचे?"

या एका प्रश्नाने आमची निवड सोपी केली. ज्याच्या मागे आपल्या माणसांची हकीकत सांगता येईल, तोच रणगाडा घ्यावयाचा.

पहिला स्टुअर्ट. वजनाने हलका, पंधरा टनांच्या आसपास. १९४८ साली त्यांचे वरचे फिरते बुरूज काढून, झाकून, ते गुपचूप काश्मिरात नेले आणि १ नोव्हेंबर रोजी साडेअकरा हजार फुटांवरील झोजी ला खिंडीत चढविले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल, हे शत्रूच्या स्वप्नीही नव्हते. सेनापती थिमय्या स्वतः आघाडीवर होते.

दुसरा सेंच्युरियन, पूना हॉर्सचा. पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर या पलटणीचे नायक. सप्टेंबर १९६५ मध्ये फिलोरा येथे जखमी होऊनही ते मागे हटले नाहीत आणि १६ तारखेस धारातीर्थी पडले. त्याच पलटणीचे, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत जळता रणगाडा न सोडता कामास आले. वय अवघे एकवीस. दोघांसही परमवीर चक्र मरणोत्तर मिळाले.

तिसरा पीटी-७६. कातडी पातळ, पण पाण्यात तरणारा. नोव्हेंबर १९७१ मध्ये बंगालच्या ओल्या भूमीत गरीबपूर येथे त्याने शत्रूच्या चॅफी रणगाड्यांची धूळधाण केली. नातू म्हणाला, "आजोबा, हा तुमच्या यादीतही बसतो आणि काकांच्याही!"

चौथा विजयंत. नकाशा विलायतेचा, पण बांधणी मद्रासजवळच्या आवडी येथील. आपल्या देशात तयार झालेला पहिला रणगाडा.

पाचव्यावर वाद झाला. पुतण्यास शत्रूचा पॅटन हवा होता, तोही भोक पडलेला. आम्ही म्हटले, आत बसणारेही कोणाच्या तरी आईचे लेक होते. भोक विकू नये. शिवाय एकटा पॅटन खोटे बोलतो. १९६५ साली असल उत्तरच्या शेतांत हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन अडविले, ते जीपवर बसविलेल्या तोफेने; आणि १० सप्टेंबर रोजी तेथेच प्राण ठेविला. तेव्हा पॅटनशेजारी ती जीप हवीच. पुतण्या म्हणाला, "म्हणजे सहावा साचा! आणि तोही टँकचा नव्हे." रात्रभर गाडीत तो हिशेब करीत राहिला. पहाटे वर्धा आले तेव्हा त्याने वही मिटली व म्हटले, "जीप घेऊ. टायगर दुसऱ्या संचात पाहू." त्या साच्याचा भार आमच्या निवृत्तिवेतनातून उचलण्याचे आम्ही कबूल केले. संच खपेल की नाही, हे आज कोणी सांगावे? परंतु प्रत्येक डबीत एक चिठ्ठी असेल, आणि तीवर माणसांची नावे असतील.

परवा पहिला नमुना साच्यातून निघाला. तो पीटी-७६ होता. हा तरतो असे ऐकलेलेच असल्यामुळे नातवाने तो तत्काळ परसातील टाक्यात सोडला. टँक टाक्यात पडला आणि सरळ तळाशी गेला. मुलांनी बादली सोडून तो वर काढला. पुतण्याने वही उघडून गंभीरपणे टिपून ठेविले: "पोट पोकळ ठेवावे."