काचेवरचं पाणी

कोकणात वाढलेल्या माणसाला ओल ही बाहेरून येणारी गोष्ट वाटते. पावसाळ्यात पडवीला झापं बांधली, दारं-खिडक्या लावून घेतल्या, की घर त्यातल्या त्यात कोरडं राहतं. स्कॉटलंडच्या हायलंड्समध्ये हिवाळ्यात कॅम्पर व्हॅन घेऊन हिंडताना मात्र मला याच्या अगदी उलट वागायला शिकावं लागलं. इथे रात्री गाडी जितकी घट्ट बंद करावी, तितक्या सकाळी काचा ओघळतात. ते पाणी आपल्याच श्वासाचं, चहाचं आणि वाळत घातलेल्या मोज्यांचं असतं.

हिशेब साधा आहे. गाडीत साधारण 10 घनमीटर हवा असते. 20 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅम वाफ राहू शकते. म्हणजे सगळ्या गाडीत 170 ग्रॅम. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला 30-40 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. आम्ही नवरा-बायको दोघंच असलो, तरी मध्यरात्रीच्या आत हवा तुडुंब भरते. त्यात डिसेंबरमध्ये एव्हिमोरला सूर्य साडेतीनच्या सुमारास मावळतो आणि उगवायला जवळजवळ नऊ वाजतात. एवढ्या लांब रात्री स्वयंपाक, गप्पा, झोप सगळं त्याच हवेत.

बर्फाचं पाणी भरलेल्या फुलपात्राला बाहेरून घाम सुटतो, तसंच इथे घडतं. 20 अंशांच्या हवेत आर्द्रता 60 टक्के असेल, तर 12 अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी 1820 साली याच तत्त्वावर आर्द्रतामापक बनवला होता. काचेचा गोळा थंड करत जायचं आणि दव कोणत्या तापमानाला दिसतं ते वाचायचं. गाडीची एकेरी काच माझ्यासाठी हेच काम करते. तिच्यावर पाणी दिसलं, की ते पॅनेलमागच्या पत्र्यावर, सांगाड्याच्या फासळ्यांवर आणि गादीखालच्या फळीवरही धरत असणार, हे मी धरून चालते. काच पुसता येते. आतला गंज आणि बुरशी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून झोपताना छपराची झडप थोडी वर करायची आणि खालच्या बाजूची एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची. गरम, दमट हवा वरून निघून जाते, खालून थंड हवा येते. बाहेरची हवा शून्य अंशाला ओलाव्याने पूर्ण भरलेली असली, तरी तिच्यात घनमीटरला पाचेक ग्रॅमच वाफ असते. तीच हवा आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते. फोर्ट विल्यमला पाऊस कोसळत असताना, 8 अंशांच्या ओल्या हवेतसुद्धा हे जमतं. ती 18 अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता निम्म्याच्या आसपास येते.

ऊब कशातून येते, हेही महत्त्वाचं. एक किलो प्रोपेन जळला, की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. त्यामुळे ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून ठेवणं म्हणजे गाडीत पाणी ओतणंच; शिवाय कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर कोरडी ऊब देतो. उष्णतारोधक पडदे मी काचेच्या बाहेरून लावते. आतून लावले, तर काचेला गाडीतली ऊब मिळत नाही, ती आणखी गारठते आणि पडद्यामागे पाणी साचतं. गादीखाली पट्ट्या असल्या, की खालून हवा खेळते. इतकं करूनही सकाळी थोडं पाणी असतंच. ते पुसून फडकं बाहेर पिळायचं आणि बाहेरच ठेवायचं. आत वाळत घातलं, तर तेच पाणी रात्री पुन्हा काचेवर येतं.

फट ठेवल्याने डिझेल थोडं जास्त जळतं. तो खर्च मी न कुरकुरता करते, कारण त्या बदल्यात कोरडं अंथरूण, स्वच्छ श्वास आणि वर्षानुवर्षं टिकणारा पत्रा मिळतो. भारतातून पाहुणे येतात, तेव्हा थंडीच्या धास्तीने त्यांचा हात आधी खिडकी लावायला जातो. म्हणून मी त्यांना हीटरचं बटण नंतर दाखवते. आधी दाखवते छपराची झडप.