पट्टी हलते का?

माझ्या बाबांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "सगळं ठीक आहे." दर रविवारी सकाळी मी पुण्याहून साताऱ्याला फोन करतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि शेवटी हे वाक्य येतं. गुडघा दुखत असला तरी ठीक आहे, नळाला तीन दिवस पाणी नसलं तरी ठीक आहे. मग आई मागून ओरडून खरी बातमी देते. त्यामुळे आमची सिस्टीम आजवर बरी चालली होती.

या वेळी मात्र आईलाही पत्ता नव्हता.

तर झालं असं. 2016 मध्ये इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा बाबांनी मला एक सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिला. तो तेव्हाच चार वर्षांचा होता. चार वर्षं सबमिशनं, प्रोजेक्ट आणि (खरं सांगायचं तर) पिक्चर, असं सगळं त्याने झेललं. मला नोकरी लागली, कंपनीचा लॅपटॉप आला आणि हा म्हातारा बाबांकडे गेला. रिटायर झाल्यावर बाबा सोसायटीचे खजिनदार झालेत. मेंटेनन्सचा जमाखर्च, पाण्याच्या टँकरची बिलं, थकबाकीदारांची यादी, सगळं त्यावर चालतं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 च्या प्रोसेसरच्या अटीत आमचा आय-थ्री कुठेच बसत नव्हता. म्हटलं, यावर लिनक्स टाकू. दिवाळीला घरी गेलो होतो, पेन ड्राइव्हवर जुनं व्हर्जन पडलेलं होतं, नवीन डाउनलोड करायचा कंटाळा आला, तेच टाकलं. कर्नल 5.15. वायफाय चाललं, प्रिंटर चालला, मराठी टायपिंग चाललं. ब्राइटनेसची बटणं दाबून बघितली, स्क्रीनवर ती छोटी पट्टी आली, खालीवर झाली. झालं, टिक मार्क. भर दुपारची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन, स्क्रीनचा उजेड खरंच कमी झाला की नाही हे कोण बघतंय? मी पट्टी बघितली आणि फराळाला पळालो.

डिसेंबरमध्ये बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी दोन दिवस सुट्टी काढून गेलो, ड्रॉप्सचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं आणि परत आलो. जानेवारीतल्या एका रविवारी बाबा म्हणाले, "स्क्रीन जरा डोळ्यावर येते रे."

"ब्राइटनेस कमी करा ना. ते सूर्याचं चित्र असलेलं बटण. पट्टी हलते का?"

"हलते."

"मग एकदम खाली आणा. आली?"

"आली."

"आता ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

पुढच्या रविवारी मी आपणहून विचारलं. जरा चाचरत म्हणाले, रात्री त्रास होतो. मी नाइट लाइट चालू करायला सांगितला. स्क्रीन पिवळसर झाली का? झाली. ठीक आहे? ठीक आहे. टिकेट क्लोज. आपल्याला ऑफिसमध्ये सवयच असते, 'युजर कन्फर्म्ड' लिहायचं आणि पुढचं टिकेट घ्यायचं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी शनिवारी न सांगताच घरी गेलो. स्वारगेटवरून एसटी उशिरा सुटली, पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. आईने दार उघडलं. आत बघतो तर बाबा टेबलाशी बसलेले, ट्यूब बंद, समोर लॅपटॉप आणि डोळ्यावर ऑपरेशननंतर दवाखान्यातून मिळालेला तो काळा गॉगल. मला आधी हसूच आलं. म्हटलं, "बाबा, हे काय, डॉन?"

मग मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि स्क्रीन बघितली. हसू गेलं. अंधाऱ्या खोलीत ती ट्यूबलाइटसारखी पेटलेली होती. कोपऱ्यात पट्टी एकदम तळाला. मी बटण दाबून ती वर नेली, खाली आणली, परत वर नेली. उजेडात तसूभर फरक नाही.

जेवण झाल्यावर लॅपटॉप मांडीवर घेतला. आता थोडं तांत्रिक. एलसीडी स्क्रीन स्वतः उजेड देत नाही. तिच्यामागे एलईडी दिवे असतात, तो बॅकलाइट. ब्राइटनेस कमी करायचा म्हणजे हे दिवे मंद करायचे. नाइट लाइट दिव्यांना हात लावत नाही, तो नुसता चित्राचा रंग बदलतो. म्हणजे मी बाबांना फोनवर जो उपाय दिला होता, तो खिडकीला पिवळा पडदा लावण्यातला प्रकार होता. बाहेरचं ऊन तेवढंच.

लिनक्समध्ये बॅकलाइटचा कारभार सिस फोल्डरच्या आत, क्लास आणि त्याच्या आत बॅकलाइट, अशा जागी असतो. तिथे बघितलं तर एका स्क्रीनसाठी दोन फोल्डर! एक 'एसीपीआय व्हिडिओ झीरो', दुसरं 'इंटेल बॅकलाइट'. पहिला रस्ता फर्मवेअरमधून जातो. एसीपीआय हे 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी आणलेलं स्टँडर्ड. ऑपरेटिंग सिस्टीमने फर्मवेअरला सांगायचं, "तीन नंबरवर ने," आणि फर्मवेअरने ते करायचं. दुसरा रस्ता म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने थेट चिपच्या रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा. दोन्ही हजर असतील तर आधी फर्मवेअरला विचारायचं असा संकेत आहे, कारण आपलं मशीन फर्मवेअरलाच जास्त माहीत असणार. डेस्कटॉपची पट्टी त्यालाच विचारत होती.

प्रत्येक फोल्डरमध्ये दोन महत्त्वाच्या फायली असतात. 'ब्राइटनेस', म्हणजे आपण काय मागितलं. आणि 'अ‍ॅक्चुअल ब्राइटनेस', म्हणजे हार्डवेअरच्या मते प्रत्यक्षात काय आहे. म्हटलं, सापडला चोर, या दोन्हींत फरक दिसणार. मी तीन लिहिलं. ब्राइटनेस तीन. अ‍ॅक्चुअल ब्राइटनेस... तीन! समोर स्क्रीन भगभगतेय आणि फर्मवेअर म्हणतंय, तीन. त्याने आकडा घेतला, आपल्याकडे लिहून ठेवला, आणि "किती आहे?" विचारल्यावर तोच परत वाचून दाखवला. दिव्यापर्यंत निरोप गेलाच नव्हता.

मग दुसऱ्या फोल्डरकडे वळलो. तिथे कमाल आकडा 4882. रूट होऊन 1000 लिहिलं आणि स्क्रीन अलगद मंद झाली! मी जवळजवळ ओरडलोच. बाबा बाजूच्या खुर्चीत येऊन बसले. आता जरा शायनिंग मारावी म्हणून मी म्हटलं, "बघा, किती कमी होतं ते," आणि शून्य लिहून एंटर मारलं.

स्क्रीन काळी ठिक्कर. आणि ब्राइटनेसची बटणं तर त्या खोटारड्या फर्मवेअरला बांधलेली, त्यामुळे ती दाबून उपयोग नाही.

(हे माहीत असायला हवं होतं. या थेट रस्त्याने शून्य लिहिलं तर काही मशीनवर दिवा पूर्ण बंद होतो.)

रीस्टार्ट करता आलं असतं, पण बाबांची जमाखर्चाची शीट उघडी होती, सेव्ह केली की नाही त्यांना आठवेना. तेव्हा लक्षात आलं, दिवा गेला तरी चित्र तिथेच आहे, फक्त मागून उजेड नाही. "बाबा, मोबाइलची बॅटरी लावा आणि स्क्रीनवर तिरकी धरा." त्यांनी धरली. काळ्या काचेत पुसट अक्षरं दिसायला लागली.

"इकडे नाही, जरा वर. हलवू नका ना!"

बाबा एकदम हसायला लागले. लहानपणी लोडशेडिंगच्या दिवसांत फ्यूज उडाला की ते स्टुलावर चढायचे आणि मी खाली बॅटरी धरायचो. "हलवू नकोस, मी काय बघतोय तिकडे धर," हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय, बहुतेक वेळा एका धपाट्यासकट. आज वीस वर्षांनी परतफेड झाली. वरचा बाण दोनदा दाबून मघाचा 1000 वाला कमांड आणला, एंटर मारला, उजेड आला. शीट सेव्ह नव्हतीच. आधी ती सेव्ह केली.

पक्का इलाज दोन मिनिटांचा निघाला. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'क्वाएट स्प्लॅश' लिहिलेलं असतं त्या ओळीत, 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' एवढं (अर्थातच इंग्रजी अक्षरांत) घातलं, ग्रब अपडेट केलं, रीस्टार्ट. फर्मवेअरचं फोल्डर गायब, एकच रस्ता उरला, आणि तीच पट्टी आता खरोखर दिवा हलवायला लागली. नंतर वाचताना कळलं की ही दोन फोल्डरांची भानगड कर्नलवाल्यांनी स्वतःच मिटवली आहे. हान्स द गूडे या डेव्हलपरने 2022 मध्ये जुने लॅपटॉपवाल्यांना टेस्ट करायला लावून ते काम केलं, आणि त्या डिसेंबरमध्ये आलेल्या 6.1 कर्नलपासून एका स्क्रीनला एकच फोल्डर असतं. दिवाळीत कंटाळा केला नसता तर कदाचित हे सगळं झालंच नसतं.

बाबांनी गॉगल काढून स्क्रीनकडे बघितलं. पट्टी स्वतःच थोडी वर, थोडी खाली केली. "आता कागदासारखं दिसतंय," म्हणाले.

मी वैतागून म्हटलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत? ठीक आहे, ठीक आहे काय!"

आई आत भांडी लावत होती. बाबांनी आवाज खाली आणला. "अरे, तू विचारलंस पट्टी हलते का, ती हलत होती. तू म्हणालास आता कमी झालं असेल. मला वाटलं, मशीन बरोबर आहे, माझाच डोळा बिघडला. ऑपरेशन फसलं बहुतेक. डाव्याची तारीख घ्यायची होती ना, ती मी दोनदा पुढे ढकलली. आईला बोललो नाही, उगाच घोर नको."

मला काय बोलावं सुचेना. मोतीबिंदू काढल्यावर जग आधीपेक्षा उजळ दिसतं. ढगाळ, पिवळट झालेलं भिंग जाऊन तिथे स्वच्छ भिंग येतं, त्यामुळे पांढरं जास्तच पांढरं आणि निळं जास्तच निळं वाटतं. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, मी तिथेच होतो. नव्याकोऱ्या डोळ्यासमोर फुल ब्राइटनेसची स्क्रीन ठेवून मी त्यांना पुण्यातून सांगत होतो की ती मंद आहे. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, डोळ्यावर नाही.

सोमवारी त्यांनी दवाखान्यात फोन केला. डाव्या डोळ्याची तारीख मिळाली. या वेळी मी आठवडाभर सुट्टी टाकली आहे.

रविवारचा फोन चालूच आहे. फक्त प्रश्न बदलला. "ठीक आहे का?" विचारणं सोडलं. परवा म्हटलं, "बाबा, एक कोरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरा. जास्त पांढरं काय दिसतंय, कागद की स्क्रीन?"

थोडा वेळ शांतता. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग म्हणाले, "स्क्रीन. थांब, कमी करतो."