सल्ला सातबाऱ्याला, फवारा आम्हाला

आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषध म्हणतात. दुकानदार म्हणतो, मालक म्हणतो, माझा बापही म्हणतो. "औषध मारून आलो," म्हणत तो संध्याकाळी दारात टेकायचा आणि माय आंघोळीला पाणी ठेवायची.

2017 च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे औषध मारता मारता 20 हून जास्त माणसं मेली. शेकडो दवाखान्यात पडली. पेपरांनी सरसकट सगळ्यांना शेतकरी म्हटलं. त्यातल्या कितीतरी जणांच्या पाठीवरचा पंप मजुरीचा होता आणि शेत दुसऱ्याचं. माझा बाप मेला नाही, म्हणून तो कुठल्याच यादीत नाही.

त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती. नळी वर धरावी तर फवारा उलटून तोंडावर. मजुरी पंपामागे, जितके पंप तितके पैसे. मग थांबतो कोण? तिसऱ्या दिवशी बाप धुऱ्यावरच ओकला. डोळ्यांपुढे अंधारी. ऑटोत घालून तालुक्याला नेलं. डॉक्टर विचारत होते, "औषध कोणतं होतं?" मालकाने दोन बाटल्या एकत्र करून दिलेल्या. बापाला नाव ठाऊक नाही, मला नाही. बाटल्या मालकाच्या गोठ्यात.

बाप वाचला. नजर अधू झाली. तेव्हा मी सतरा वर्षांचा. शाळा सुटली आणि सूतगिरणीत लागलो.

महिनाभराने गावात साहेब आले. देवळाच्या सभामंडपात बैठक. मी मागे उभा राहिलो. साहेबांनी चांगलं सांगितलं, खोटं कशाला बोलू? वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. उपाशी पोटी फवारू नका. मनाने दोन औषधं मिसळू नका. बाटलीवरचा चौकोन पाहा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. माणूस आजारी पडला तर बाटली सोबत घेऊनच दवाखान्यात जा. माझ्या काळजात चर्र झालं. हे एवढंच आषाढात माझ्या बापाला कोणी सांगितलं असतं तर!

मग मास्क आणि हातमोजे वाटले. यादी सातबाऱ्यावरून केलेली. मालकाला मिळाले. मालकाने जन्मात पंप पाठीवर घेतलेला नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, माझा बाप फवारतो." साहेबांनी विचारलं, "सातबारा आहे का?" मागून कोणीतरी हसलं, "याच्या बापाले सातबारा पाह्यजे म्हनते!"

तो प्रश्न गिरणीपर्यंत माझ्यासोबत आला. रातपाळीला रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधताना तोच डोक्यात. हा कापूस ज्यांनी फवारला, त्यांना कोणी काही सांगितलं असेल का? पाळी सुटली की वाचायला लागलो. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

शेतकऱ्याला शहाणं करायची योजना या देशात जुनी आहे. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव ग्रामसेवक आला. 1974 नंतर जागतिक बँकेच्या पैशावर 'प्रशिक्षण आणि भेट' पद्धत आली. कर्मचाऱ्याने दर पंधरा दिवसांनी, ठरल्या वारी, निवडक 'संपर्क शेतकऱ्यां'ना भेटायचं. त्यांनी ते ज्ञान शेजाऱ्याला द्यायचं, शेजाऱ्याने पुढच्याला. कागदावर छान. पण मित्रांनो, निवडलेला तो शेतकरी कोण असणार? आणि त्याचा शेजारी कोण? आमची वस्ती कधी कोणाच्या शेजारात धरली का? ज्या देशात तळ्याच्या पाण्यासाठी 1927 ला महाडला जावं लागलं, तिथे ज्ञान आपोआप वरून खाली झिरपेल, असं जागतिक बँकेला वाटलं.

2003 साली सरकारच्याच नमुना पाहणीने शेतकऱ्यांना विचारलं, शेतीची नवी माहिती तुम्हाला कुठून मिळते? शंभरातल्या साठांनी सांगितलं, कुठूनच नाही. विस्तार कर्मचाऱ्याचं नाव शंभरात सहांनीही घेतलं नाही. बियाणं-औषधाच्या दुकानदाराचं नाव त्याच्या दुपटीहून जास्त लोकांनी घेतलं. म्हणजे विषाचा सल्ला विष विकणाराच देतो. आणि ही गत शेतकऱ्यांची. मजुराला तर पाहणीवाल्यांनीही विचारलं नाही.

कर्मचाऱ्यावर मी राग काढत नाही. एकाच्या गळ्यात कित्येक गावं. रोग त्या यादीत आहे. शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर जमीन, असं यादी म्हणते. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटींपैकी अनुसूचित जातींकडे बारा टक्क्यांच्या आत, आणि जमिनीत वाटा नऊ टक्क्यांहून कमी. ही जमीन का नाही, ते तुम्हाला सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर 1964-65 ला लाखो माणसं त्याचसाठी तुरुंगात गेली. ती लढाई संपलेली नाही. आणि 2025 पासून आपल्या राज्यात शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तोही जमिनीच्या नोंदीला बांधलेला. सातबारा आता मोबाईलमध्ये गेला, एवढंच.

पण जमीन मिळेस्तोवर मरत राहायचं का? कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांत स्पष्ट आहे, औषध हाताळणाऱ्या आणि फवारणाऱ्या माणसाला संरक्षक कपडे हवेत. तिथे सातबारा मागितलेला नाही. कोणत्या गावात हा नियम मालकासमोर वाचला गेला? आपण तरी वाचला का?

दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या पोरांनी मिळून एक अर्ज केला. बैठक विहारात घ्या, संध्याकाळी घ्या, मजूर घरी आल्यावर. नव्या कृषी सहायक बाई आल्या. सतरंजीवर बसल्या. त्यांनी आधी बायांना विचारलं, ड्रममध्ये औषध कोण कालवतं? बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग माय म्हणाली, "आमीच कालवतो म्याडम, हातानं. आमाले आजवर कोनं सांगतलंच नाई." बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग चौकोनापासून सुरुवात केली.

असं एक गाव झालं. एका गावाने काय होतं? म्हणून तुम्हाला लिहितो. जयंतीची वर्गणी आपण घरोघर फिरून गोळा करतो. तसंच मृगाच्या आधी घरोघर फिरून फवारणाऱ्यांची आणि कालवणाऱ्यांची यादी करा. ती घेऊन तालुक्याला जा. म्हणा, सल्ला या यादीला द्या, मास्क या यादीला द्या, शेतीशाळा आमच्या वस्तीत भरवा. हाकलतील. पुन्हा जा.

बापाला आता बाटलीवरचं अक्षर दिसत नाही. रंग दिसतो. पोरं फवारणीला निघाली की तो दारातून ओरडतो, "थांब रे, बाटली दाखव. चौकोन कोन्ता हाये?"

जय भीम.