एक बाटली स्ट्राँग

"बीअर कुठं दारू असते का बे? पाणी होय ते!" हे वाक्य आमच्या विंगमध्ये थर्मोच्या दुसऱ्या नियमाइतकंच पक्कं मानतात. म्हणणारा वर्ध्याचा. त्याच्या जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी, त्यामुळे या विषयातलं ज्ञान साहजिकच आमच्यापेक्षा जास्त!

आम्ही दोघंही नोकरी करून एम.टेक.ला आलेले, वय २६. आपल्या राज्यात स्ट्राँग बीअरला २५ पूर्ण लागतात, तेव्हा रेक्टर सरांनी पुढचं शांतपणे वाचावं. मे महिना, ४५ अंश, वर्धा रोडवरचा कूलरवाला बार. त्यानं स्ट्राँग मागवली, मी त्याच्याच बाटलीतला एक ग्लास घेतला.

पहिल्या घोटाला चवच नव्हती, नुसता गारवा. नागपूरच्या उन्हात तो टिकतो किती? अर्धा ग्लास कोमट झाला आणि बाईसाहेबांनी खरं रूप दाखवलं. जिभेवर गुळचट, नाकात स्पिरिटचा वास, घशात जळजळ. लहानपणीचं खोकल्याचं औषध आठवलं. चवीसाठी ही कोणी पीत असेल असं मला तरी वाटत नाही. कमी पैशात जास्त किक, बस! बेल्जियममधल्या वेस्टमाल मठाची ट्रिपल बीअर साडेनऊ टक्क्यांची असते म्हणे, पण बाटली ३३० मिलीची. आपली ६५० ची, आणि ती "गरम होईल" म्हणून भराभर संपवायची.

लेबलवर छापलेलं असतं: अल्कोहोल ५ टक्क्यांहून जास्त, ८ पर्यंत. एवढा टॉलरन्स वर्कशॉपच्या सरांनी जॉबवर चालवून घेतला असता का? मी बिलाच्या मागे गणित मांडलं. ६५० चे ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ६० मिलीचे दोन पेग घेतले तर ५१ मिली. म्हणजे "पाण्या"ची एक बाटली बरोबर दोन लार्ज! वजनात ते सुमारे ४१ ग्रॅम. साठ किलोच्या पोरानं रिकाम्या पोटी झटपट प्यायली, तर १०० मिली रक्तात १०० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ३० आहे.

"युनिट चुकलं तुझं," असं म्हणत तो बाईककडे निघाला. युनिट तपासेपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील, असं मी सांगितलं. बरंच ऐकून घ्यावं लागलं, त्यातलं संपादकांना छापता येण्यासारखं काही नाही. ऑटोवाल्यानं रात्रीचे म्हणून दीडपट घेतले.

सकाळी अकराला तो बाईक आणायला गेला. सीट इतकी तापली होती की बसवत नव्हतं, एवढीच त्याची तक्रार.