असली, नकली आणि २३७

मिशिगनमध्ये राहायला आलो तेव्हा इथल्या लोकांचं जुन्या मोटारींवरचं प्रेम आम्हाला गमतीचं वाटायचं. डेट्रॉइटपासून पॉन्टिॲक शहरापर्यंत वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता जातो. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्यावर हजारो जुन्या गाड्या रांगेनं फिरतात. पण ती मोठी जत्रा. आम्हाला आवडतात ते छोटे मेळे. उन्हाळाभर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या चर्चच्या नाहीतर हॉटेलच्या पार्किंगमध्ये वीस-पंचवीस गाड्या जमतात. बॉनेट उघडं, शेजारी घडीच्या खुर्चीत मालक, आणि काचेमागे गाडीची माहिती लिहिलेलं कार्ड. असरची वेळ झाली की आम्ही कडेच्या गवतावर चटई टाकतो. आजवर कुणी हरकत घेतली नाही. एकदा एका आजोबांनी तर आमची नमाज होईपर्यंत आपल्या गाडीचं इंजिन बंद ठेवलं. त्या गाडीचा आवाज ऐकला असेल त्यालाच हा उपकार कळेल.

या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. मध्यम आकाराची, साधी, दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात अवाढव्य इंजिन बसवायचं, एवढाच मामला. १९६४ ते १९७२ हा त्यांचा बहर. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम आले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि तो जमाना संपला.

मेळ्यात दोन पंथ दिसतात. (हा शब्द आम्ही जपूनच वापरतो, पण वाद तसाच चालतो.) पहिल्या पंथाला गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. इंजिनावर ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळला पाहिजे, रबरी नळीची क्लिपसुद्धा त्याच काळातली पाहिजे. कामगारानं खडूनं केलेली खूणही काहीजण पुन्हा काढून घेतात. दुसरा पंथ म्हणतो, गाडी चालवायला असते. तो नवं इंजिन बसवतो, एसी लावतो, पुढे डिस्क ब्रेक घालतो. आम्हाला या दुसऱ्यांचं ब्रेकबाबतचं म्हणणं पटतं. सहा लिटरहून मोठं इंजिन आणि चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक, अशा गाडीत पोराला बसवताना आईबापाच्या पोटात गोळा येतो.

आणि ‘असली’ तरी कशाला म्हणायचं? या जातीची पहिली गाडी म्हणून जिचं नाव घेतात ती पॉन्टिॲकची जीटीओ. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचं इंजिन टेम्पेस्ट गाडीत बसवलं आणि वरिष्ठांना टाळण्यासाठी ते वेगळं मॉडेल न दाखवता ‘जादा सोय’ म्हणून १९६४ च्या यादीत घातलं. नावही फेरारीच्या गाडीवरून उचललेलं. म्हणजे आज जिच्या क्लिपासुद्धा जपतात ती गाडी मुळात एक फेरफारच होता! वुडवर्डवरच्या रॉयल ओक गावात रॉयल पॉन्टिॲक नावाचे विक्रेते होते. ते नव्याकोऱ्या जीटीओत आणखी सुधारणा करून द्यायचे. त्या गाड्या आज दुर्मीळ म्हणून मिरवतात.

आमच्या दारातली गाडी १९६९ ची. गल्लीतल्या एका आजोबांकडून चार वर्षांपूर्वी घेतली. त्यांनी उमेदीची वर्षं पॉन्टिॲकच्या कारखान्यात काढली होती. पुढचा बंपर गाडीच्याच रंगाचा, रबरासारखा. बॉनेटवर हवेसाठी दोन फुगवटे. जाळीत ‘जीटीओ’ ही अक्षरं. पाहणारा जीटीओच म्हणेल. पण आजोबांनी व्यवहाराआधीच आमच्या मोठ्या मुलाला काचेपाशी नेलं आणि डॅशबोर्डच्या कोपऱ्यातली पट्टी दाखवली. नंबराची सुरुवात २३७ नं होती. त्या वर्षीच्या जीटीओचा नंबर २४२ नं सुरू होतो. २३७ म्हणजे ले मान्स, तिची साधी बहीण. कुणीतरी मागे कधीतरी तिला जीटीओचं तोंड लावलं आणि १९७२ च्या दुसऱ्या गाडीतलं ४०० घनइंचांचं इंजिन बसवलं. आजोबांनी पैसे ले मान्सचेच घेतले.

हे तीन आकडे फार मोलाचे असतात. नंबराच्या पट्टीशी छेडछाड करणं इथे गुन्हा आहे, त्यामुळे नकली गाडी तिथे पकडली जाते. पण सगळीकडे नाही. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओ नंबरावरून ओळखताच येत नाहीत, कारण तेव्हा ती फक्त ‘जादा सोय’ होती. १९६९ ची ‘जज’ ही खास जीटीओही नंबरावरून कळत नाही. मग कारखान्याची जुनी बिलं पाहावी लागतात. पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस पैसे घेऊन त्यांच्या प्रती देते. ‘जज’चे पट्टे आणि स्टिकर मात्र कुणालाही विकत मिळतात.

मुलानं त्या गाडीवर चार उन्हाळे घालवले. आता त्याला मोठ्या विद्यापीठात जायचं होतं. व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही हे आमच्या घरात पहिल्यापासून ठरलेलं, म्हणून गाडी विकायचं त्यानंच काढलं. ले मान्स म्हणून विकली तर एका सत्राची फी जेमतेम निघणार होती. जीटीओचा भाव येता तर दीड-दोन वर्षं सुटली असती.

मुंब्र्याहून मामूंचा फोन आला. ते म्हणाले, “विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर गप्प बसा. घेणाऱ्याला डोळे नाहीत का?” वर त्यांनी इकडचंही ऐकवलं, की भारतात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत असा मूळचा बदल चालतच नाही, सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये तेच सांगितलं, तुमच्याकडे सगळं चालतं, मग एवढा विचार कशाला?

खरं सांगायचं तर मामूंचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आमच्यातही दोन मतं पडली. एक मत असं की कार्डावर आपण फक्त ‘१९६९ पॉन्टिॲक’ लिहितो, त्यात खोटं काय? अशा गाड्या इथे सर्रास दिसतात, आणि जाणकार आधी नंबरच पाहतो. दुसरं मत असं की जाळीतली ती तीन अक्षरंच बोलतात. आपण तोंड मिटलं म्हणून गाडी गप्प बसत नाही. त्या रात्री जेवताना प्रेषित (स.) बाजारातून जात असतानाची हदीस निघाली. त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसानं भिजलं. तेव्हा त्यांनी विचारलं की भिजलेलं वर का ठेवलं नाही, लोकांना दिसलं असतं. आमची धाकटी म्हणाली, “त्या माणसानं पण कुणाला खोटं सांगितलं नव्हतं ना?” यावर कुणी काही बोललं नाही. पाऊस पडला हा त्याचा दोष नव्हता. आमच्या गाडीला जीटीओचं तोंड बसलं हाही आमचा नव्हता. प्रश्न फक्त राशीत वर काय दिसतं याचा होता.

गाडी पाहायला ओहायोहून एक गृहस्थ नातवाला घेऊन आले. साठी कधीच ओलांडलेली. तरुणपणी त्यांच्याकडे अगदी अशीच जीटीओ होती, लग्नानंतर विकावी लागली होती. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसले. नातवाला एकेक बटण दाखवत होते. किंमत त्यांनी विचारलीच नव्हती. मुलानं मोबाइलचा दिवा लावून पट्टी दाखवली आणि २३७ चा अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. रागावले नाहीत, उतरले, बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, विचार करून फोन करतो.

फोन आला नाही. नंतर दोघांनी ले मान्सच्या भावाहूनही कमी किंमत सांगितली, ती आम्ही नाकारली. मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्यानं गावातल्या कम्युनिटी कॉलेजात आणखी एका वर्षासाठी नाव घातलं. तिथली फी बिनव्याजी हप्त्यांनी भरता येते. हौसेपायी हे सगळं चाललंय म्हणणारे नातेवाईक आहेत, आणि गाडी दारात ठेवण्याचा खर्चही काही कमी नाही.

जाळीतली अक्षरं त्यानं काढली नाहीत. ती खिळे उपटून काढली तर जाळी तडकेल म्हणाला. पण कार्ड नव्यानं लिहिलं: ले मान्स, तोंड जीटीओचं, इंजिन १९७२ चं. मेळ्याच्या अर्जात ‘फेरफार केलेल्या’ रकान्यात खूण केली. त्या रकान्यात गेल्यावर जुने ड्रम जपण्याचं कारण उरलं नाही, म्हणून पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक मागवलेत. पुढच्या आठवड्यात येतील. बसवायला गल्लीतले आजोबा येणार आहेत.